आमच्या अंगणातला ज्वालामुखी

गेल्या दिवाळीत माझ्या दहा वर्षांच्या नातवाने माझी चांगलीच फजिती केली. ही सारी हकीकत तिथून सुरू होते.

नाशिकला पंचवटीत आमचा जुना वाडा होता. वाडा म्हणायचे ते सवयीने. दोन खण पडलेले, माडीवर जायची सोय राहिलेली नाही, आणि मागच्या अंगात पिंपळाने घर केलेले. पण जोते मात्र काळ्या घडीव दगडाचे, अजून एक सांधा न सुटलेले. माझी थोरली बहीण तिथे राहत असे. आम्ही मुंबईकर दिवाळीला तिच्याकडे जमायचो. गेल्या वर्षी झाडून सगळे आलो होतो. कारण ती त्या वाड्यातली शेवटची दिवाळी होती. कागदांवर सगळ्या भावंडांच्या सह्या झाल्या होत्या. उन्हाळ्यात वाडा पडायचा आणि त्या जागी सहा मजली इमारत उठायची, असे ठरून गेले होते. कोणी त्याविषयी फारसे बोलत नव्हते. फराळाच्या ताटावर असले विषय काढू नयेत, एवढे आम्हा सर्वांना कळते.

मुलांना मात्र असल्या गोष्टींचे सोयरसुतक नसते. नातवाने अंगणात किल्ला केला. मागच्या पडक्या भिंतीचे दगड आणले, त्यावर चिखल थापला, अळीव पेरले, मावळे उभे केले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याने किल्ल्याच्या अगदी टोकावर एक भुईनळा ठेवला, पेटवला आणि टाळ्या पिटून ओरडला, “ज्वालामुखी! ज्वालामुखी!”

आजोबा झाले की शिकवण्याची खोड लागते. मी म्हटले, “अरे, शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यावर ज्वालामुखी कुठला? ते जपानात, इटलीत असतात. आपला सह्याद्री म्हणजे कसा शांत, थंड, भक्कम!”

शेजारचे एक गृहस्थ तेव्हा आमच्याकडे फराळाला आले होते. भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सारी आळी त्यांना ‘सर’ म्हणते. हातातली चकली तशीच ठेवून ते हसू लागले.

“अहो, तुम्ही बसला आहात ना, ती पायरीच ज्वालामुखीतून आली आहे,” ते म्हणाले. “पायरी, जोते, ते तुळशीवृंदावन, पलीकडचे काळारामाचे देऊळ आणि या पोराने किल्ल्याला लावलेला दगडन् दगड. मुलगा बरोबर आहे. चूक एवढीच, की त्याने भुईनळा टोकावर लावला.”

“मग कुठे लावायचा?” नातवाने लगेच विचारले.

“ते असे बसून सांगता येणार नाही. भाऊबीज झाली की बूट घालून तयार राहा. आजोबांनाही आण.”

अशा रीतीने ज्या गावात मी वाढलो, तेच गाव पाहायला साठी उलटल्यावर निघालो.

पहिल्या दिवशी पांडवलेणी. मुंबई रस्त्यावर गावापासून सात-आठ किलोमीटरवर ही टेकडी आहे. लहानपणी आम्ही इथे डबे घेऊन यायचो. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली, अशी आमची समजूत. पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली आणि पुढे तीनेक शतके चाललेली. टेकडीचे जुने नाव शिलालेखांत ‘तिरण्हु’ असे येते. संस्कृतात त्याचे त्रिरश्मी झाले.

पायऱ्या चढून वर आलो. माझा दम लागलेला, सर मात्र ताजेतवाने. त्यांनी नातवाला लेण्यांकडे पाठ करून उभे केले. “आधी समोर बघ. डोंगर कसे दिसतात?”

“सपाट. केक कापल्यासारखे.”

मी तेच डोंगर जन्मभर पाहत आलो. पण त्यांचे माथे सपाट का आणि अंगावर आडव्या रेघा का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एका डोंगराच्या कमरेवर जी रेघ, तीच शेजारच्या डोंगराच्या कमरेवर, त्याच उंचीवर. मधली दरी ओलांडून जणू कोणी एकच फूटपट्टी धरली आहे.

“प्रत्येक रेघेमधला पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एक लोट,” सर म्हणाले. “सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे एकावर एक असे लोट पसरत गेले. आधी सगळी सपाट जमीन झाली. डोंगर नंतर झाले, आणि तेही वर उचलले जाऊन नव्हे. पावसाने, नद्यांनी आजूबाजूचे खरवडून नेले; जे उरले त्याला आपण डोंगर म्हणतो.”

हे ऐकून मला थोडे चुकल्यासारखे झाले. शिखर म्हणजे उंच गेलेले काहीतरी, अशी आपली कल्पना. इथे शिखर म्हणजे केवळ मागे राहिलेले! महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई, १६४६ मीटर, आमच्या नाशिक-अहिल्यानगरच्या शिवेवरचे. तेही असेच मागे राहिलेले. गंमत अशी, की भूशास्त्रज्ञांनी लाव्ह्याच्या या थरांचे जे गट पाडले आहेत, त्यांत कळसूबाईच्या नावाचा गट सर्वांत खालचा, म्हणजे सर्वांत जुना. त्यातल्या एका थराचे नाव तर चक्क ‘इगतपुरी’ आहे. हे सगळे थर दक्षिणेकडे किंचित कललेले असल्यामुळे वरचे, नवे थर पाहायला महाबळेश्वरला जावे लागते. गाडी इगतपुरीला थांबली की मी आजवर फक्त वडा खाल्ला होता.

“पण तोंड कुठे आहे? ज्वालामुखीचे तोंड?” नातू हट्टाला पेटला होता.

“तोंड नाहीच. म्हणून तर म्हटले, भुईनळा टोकावर लावू नकोस. आपल्याकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून लाव्हा वर आला. दूध उतू जाते ना, तसा. तापमान अकराशे-बाराशे अंश. मधापेक्षा थोडा दाट, पण वाहता. त्यामुळे ढीग न होता तो दूरवर पसरत गेला. भेगेत जो शेवटचा लाव्हा थिजून राहिला, त्याची उभी भिंत होते. चांदवडजवळच्या धोडप किल्ल्यावर ती भिंत पाहायला मिळते. मध्ये खाच पडलेली. लांबून पाहिली तर एखाद्या राक्षसाचा दात पडल्यासारखी वाटते.”

मग आम्ही तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेलो. इथे सातवाहनांच्या राणीचा, गौतमी बलश्रीचा, प्रसिद्ध शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात म्हाताऱ्या राणीने हे लेणे भिक्षूंना दान केले आणि आपल्या पराक्रमी मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती दगडात कोरून घेतली. त्याच्या सत्तेखालच्या पर्वतांची तिने मोठी यादी दिली आहे. तीत आपला सह्य आहे आणि ‘कण्हगिरी’ म्हणजे काळा डोंगरही आहे. मुंबईच्या कान्हेरीचे नाव त्यातूनच आले. काळा कशाने, हे राणीला ठाऊक नव्हते. पण काळा आहे आणि टिकणारा आहे, एवढे तिला पुरेसे होते. आईने मुलाविषयी लिहिले आणि ते एकोणीसशे वर्षे पुसले गेले नाही, याचे श्रेय थोडे आईला आणि थोडे या दगडाला.

कोरणारे कारागीर भूशास्त्र शिकलेले नव्हते, तरी जाणते होते. लाव्ह्याच्या लोटाचा मधला भाग घट्ट, एकसंध असतो. वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र. दोन लोटांच्या मध्ये कधी तांबडा मातट थर असतो. एक लोट थंड झाला, शेकडो-हजारो वर्षे गेली, त्यावर माती झाली, आणि मग पुढच्या लोटाने ती भाजून काढली, की असा थर तयार होतो. एवढेच नव्हे, तर त्या मधल्या शांततेत तळी साचली, झाडे वाढली. नागपूरकडे अशा थरांत शंखशिंपले आणि ताडाची दगड झालेली खोडे सापडतात. म्हणजे तो सगळा काळ नुसता आगीचा नव्हता. आगीच्या दोन भरांमध्ये सृष्टी संसार मांडत होती आणि पुन्हा मोडला जात होता.

लेण्यांबाहेरच्या पाण्याच्या टाक्यांना शिलालेखात ‘पोढी’ म्हटले आहे. आम्ही एका टाक्याच्या काठावर बसून ताईने दिलेल्या दशम्या खाल्ल्या. तेव्हा नातवाने विचारले, “इतका लाव्हा आला तेव्हा इथली माणसे पळाली का?”

माणसे नव्हती, डायनोसॉर होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे, लाव्ह्याच्या खालच्या थरात, त्यांचे अवशेष सापडले आहेत. ते का नष्ट झाले, यावर पंडितांमध्ये मोठा वाद आहे. १९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी दाखवून दिले, की त्या काळच्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम नावाचा धातू विलक्षण प्रमाणात आहे. तो आकाशातून आलेला असणार. पुढे मेक्सिकोत चिक्शुलूब इथे अशनीच्या आघाताचे प्रचंड विवर सापडले. पण त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये हे लोट चालू होते आणि त्यांतून निघालेल्या गंधकाच्या व कार्बनच्या वायूंनी हवा बिघडवली होती. बहुतेक शास्त्रज्ञ आज मुख्य दोष अशनीला देतात. दख्खनचा वाटा किती, हा वाद चालूच आहे.

असल्या वायूंचा प्रताप काय असतो, याचे एक उदाहरण माणसाने पाहिले आहे. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकी इथे जमिनीला अशीच भेग पडली. आठ महिने लाव्हा वाहिला; सुमारे चौदा-पंधरा घन किलोमीटर. विषारी वायूंनी गवत गेले, जनावरे गेली आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसे मेली. युरोपवर तो उन्हाळाभर धुके पसरले होते. दख्खनच्या लाव्ह्याचा अंदाज दहा लाख घन किलोमीटरच्या वर जातो. आजही पाच लाख चौरस किलोमीटर जमीन त्याने झाकली आहे.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबक. देवळात दर्शन घेतले. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. १७५५ ते १७८६ असे एकतीस वर्षे काम चालले. दर्शनाच्या रांगेत उभा असताना माझ्या मनात सहज हिशेब झाला. ज्या १७८३ साली लाकीचा लाव्हा उकळत होता, त्याच साली आमच्याकडचे पाथरवट इथे थंड झालेला लाव्हा छिन्नीने घडवत बसले होते! त्यांना एकमेकांची खबर नव्हती. मी हे सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “चला, तुम्ही परीक्षेत पास झालात.”

ब्रह्मगिरीच्या पायऱ्या मी अर्ध्यावर सोडल्या असत्या, पण नातवासमोर लाज वाटली. वर पोचलो तेव्हा वारा असा, की टोपी धरून उभे राहावे लागले. गौतम ऋषींच्या तपाने प्रसन्न होऊन शंकराने इथे जटा आपटल्या आणि गोदावरी प्रकट झाली, अशी कथा आहे. खडकावर त्या जटांच्या खुणा दाखवतात. नातवाने त्यांवरून हात फिरवला आणि सरांकडे पाहिले. मला वाटले, आता सर कथेचा निकाल लावणार. पण ते म्हणाले, “खडक फुटून पाणी बाहेर आले, हे सांगणारा माणूस चांगला निरीक्षक होता. घट्ट लाव्ह्यात पाणी मुरत नाही. ते भेगांतून, सच्छिद्र थरांतून वाट काढते आणि खालचा घट्ट थर लागला की डोंगराच्या कुशीतून बाहेर येते. कथा आणि शास्त्र, दोघांनीही भेगच पाहिली.”

याच घट्टपणाची दुसरी बाजूही समोर होती. खाली पसरलेले त्र्यंबक आणि इगतपुरी तालुके म्हणजे पावसाचे माहेरघर; इगतपुरीला तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि याच भागातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात. आकाश हात आखडत नाही. पण जमिनीला साठवायला जागाच नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, फुटलेल्या खडकात आणि विहीर खणणारे ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात त्या सच्छिद्र थरात. हा साठा लहान. डोंगराच्या अंगावरची माती आणि झाडे गेली, की तोही घटतो. म्हणून डोंगर फोडून खडी करणे म्हणजे नुसते दृश्य बिघडवणे नव्हे. कोणाच्या तरी हंड्यात हात घालणे आहे. नाशिकभोवतीच्या कित्येक टेकड्यांचे लचके तुटलेले त्या उंचीवरून स्वच्छ दिसत होते. सर काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. कारण आमच्या वाड्याच्या जागी उठणाऱ्या सहा मजल्यांना खडी लागणारच होती, आणि सही माझीही होती.

पश्चिमेकडे हरिहर किल्ला दिसत होता. कड्यात खोदलेला त्याचा उभा जिना आता फोटोंमुळे सगळ्यांना माहीत झाला आहे. सर म्हणाले, “आपल्या या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ शब्द स्वीडनचा. अर्थ आहे जिना. लाव्ह्याचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात म्हणून.” निसर्गाने जिना केला आणि गडकऱ्यांनी त्यात आणखी एक बारीक जिना खोदला. १८१८ साली या पट्ट्यातले किल्ले इंग्रजांकडे गेले तेव्हा अनेक वाटा त्यांनी सुरुंगाने उडवल्या. हरिहरचा जिना मात्र वाचला.

मग सरांनी पूर्वेकडे बोट केले. “अरबी समुद्र इथून ऐंशीएक किलोमीटर. पण ही वेडी नदी तिकडे न जाता उलटी फिरते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. ती समुद्राजवळ पोचते तिथे राजमहेंद्री हे गाव आहे. त्या राजमहेंद्रीला काय सापडते, ठाऊक आहे? काळा दगड. आपलाच. मध्ये शेकडो किलोमीटर त्याचा पत्ता नाही. शास्त्रज्ञांनी त्याची रासायनिक परीक्षा केली. तो महाबळेश्वरकडच्या वरच्या थरांशी जुळला. त्यांचे मत असे, की पश्चिमेकडून निघालेले काही लोट जुन्या नद्यांच्या दऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत थेट तिथवर गेले. पृथ्वीवरचे सर्वांत लांब लोट म्हणतात ते.”

क्षणभर कोणीच बोलले नाही. गोदावरीच्या काठी आम्ही जन्मलो, तिच्यात पोहायला शिकलो, आईवडिलांच्या अस्थी तिच्यात सोडल्या. तिच्याही कितीतरी आधी, जवळपास त्याच दिशेने एक आगीची नदी समुद्राकडे गेली होती, ही कल्पना पचायला वेळ लागला. नातू म्हणाला, “म्हणजे गोदावरीला आधी वाट दाखवायला कोणीतरी होते.” शास्त्राच्या दृष्टीने हे विधान कितपत टिकेल, कोण जाणे. सरांनी ते खोडले नाही.

“पण आता ती आग कुठे गेली? विझली?”

“विझली नाही. आपण पुढे आलो.” सरांनी रुमालावर एक लाडू ठेवला आणि रुमाल हळूहळू त्यावरून सरकवला. “खाली आगीचा झरा जवळपास एका जागी. वरची जमीन सरकणारी. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्या झऱ्यावर होता. मग तो उत्तरेकडे सरकत गेला, आणि झऱ्याने मागे एकेक बेट उठवले. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस आणि शेवटी रेयुनियन. रेयुनियनचा ज्वालामुखी आजही जागा आहे.”

मॉरिशसचे नाव निघाले आणि मला हसू आले. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची कितीतरी मराठी माणसे मजुरीसाठी मॉरिशसला गेली. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही तिथे गणपती बसवतात. बिचाऱ्यांना वाटले असेल, आपण घरापासून किती दूर आलो! प्रत्यक्षात ते ज्या आगीने सह्याद्री घडवला, तिच्याच दुसऱ्या अंगणात जाऊन उतरले होते.

तिसरा दिवस सिन्नरचा. तिथल्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचे खनिजांचे संग्रहालय २००१ पासून आहे. आत शिरताच माझी सौभाग्यवती, जी दोन दिवस “दगड काय बघायचे?” म्हणत घरी बसली होती, ती चकित होऊन उभीच राहिली. हिरवे बर्फ गोठल्यासारखे अपोफिलाइट, मोरपंखासारखे उलगडलेले गुलाबी स्टिल्बाइट, कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे! हे सगळे काळ्या दगडाच्या पोटातले. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आतच अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे खनिजांनी भरलेले गरम पाणी त्यांत झिरपत राहिले आणि स्फटिक वाढले. विहिरी खणताना, खाणींत आणि रेल्वेसाठी बोरघाट फोडताना ते उजेडात आले. जगभरच्या संग्रहालयांत आज ते मानाने बसले आहेत.

यांतल्या बऱ्याच खनिजांना झिओलाइट म्हणतात. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक दगड तापवला तर त्यातून वाफ येऊन तो फसफसला. म्हणून ग्रीक भाषेतून त्याने नाव दिले, ‘उकळणारा दगड’. त्याच्या आत अणूंएवढी सूक्ष्म घरे असतात आणि त्यांत निवडक रेणू अडकतात. हीच युक्ती वापरून कारखान्यात केलेले झिओलाइट आज कपडे धुण्याच्या पावडरीत असते. आणि २०२१ च्या त्या भयंकर उन्हाळ्यात घरोघरी ज्या प्राणवायूच्या यंत्रासाठी आपण फोनवर फोन करत होतो, त्याच्या पोटातही तेच. हवेतला नायट्रोजन ते अडवते आणि प्राणवायू पुढे सोडते. हे ऐकल्यावर सौभाग्यवतीने काचेपलीकडच्या त्या गुलाबी दगडाला नकळत हात जोडले.

परतीच्या गाडीत नातवाने खिडकी पकडली. इगतपुरी ते कसारा या घाटात १८६५ साली रेल्वे सुरू झाली. ३७ फुटांना एक फूट असा चढ. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. बोगद्यांच्या मधल्या उजेडात काळ्या कातळाच्या भिंती सरकत होत्या. याच घाटातल्या एका थरात बोटाएवढे लांब फेल्स्पारचे स्फटिक आहेत. जमिनीखाली लाव्हा बराच काळ मुरत पडला, तेव्हा ते सावकाश वाढले. दिसले नाहीत, गाडी काही भूशास्त्रासाठी थांबत नाही. पण आहेत हे कळल्यावर भिंत आता नुसती भिंत राहिली नव्हती.

मे महिन्यात वाडा पडला. मी मुद्दाम गेलो. दोन दिवसांत सगळे भुईसपाट झाले. जोत्याचे दगड ट्रकमध्ये भरताना मी विचारले, “हे कुठे नेणार?” मुकादम म्हणाला, “क्रशरला. खडी होईल, साहेब.” त्याच्या आवाजात काही वावगे नव्हते; रोजचेच काम ते.

ताई पदर खोचून पुढे आली. “माझ्या सहीत घर होते, दगड नव्हते,” ती म्हणाली. कायद्यात हे बसत नव्हते, पण सत्तरी उलटलेल्या बाईशी मुकादमाने वाद घातला नाही. आमच्या आळीतल्या एका देवळाचा पार खचला होता. जोत्याचे तीस-चाळीस दगड तिकडे गेले. सगळे वाचवता आले नाहीत. बाकीचे क्रशरलाच गेले. तुळशीवृंदावन ताईच्या भाड्याच्या घराच्या अंगणात आहे. आणि आईचा पाटा-वरवंटा आमच्या मुंबईच्या घरी आला.

सुनेने आधी कपाळाला हात लावला. “बाबा, मिक्सर असताना हे धोंडे कशाला? आणि ठेवायचे कुठे?” तिचेही खरे होते. स्वयंपाकघरात ओटा संपला की भिंत लागते. पण नातवाने पाटा पुसला, उजेडात तिरपा धरायला सांगितला आणि आईला बोलावले. आईने चाळीस वर्षे त्यावर वाटण वाटले. वरचेवर टाकी लावून घेतली. त्या टाकीच्या खाचांच्या मधून, एका कडेला, मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसत होते.

“हे बुडबुडे आहेत, आई. लाव्ह्यातले. सहा कोटी वर्षे आत अडकलेत. आजीआजीला माहीतच नव्हते.”

सून बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “गॅलरीत राहील. पण धुवायचा तुम्ही.”

यंदा नरकचतुर्दशीचे उटणे त्याच पाट्यावर वाटायचे ठरले आहे. ताई येणार आहे. नाशिकहून सरही येणार आहेत. किल्ल्याला अंगण नाही म्हणून गच्चीचा कोपरा मिळवला आहे. नातवाने या वर्षी हरिहर करायला घेतला आहे; सपाट माथा, आडवे थर, दोन थरांच्या मध्ये गेरूची रेघ. भुईनळे त्याने बारा आणले आहेत. ते माथ्यावर ठेवणार नाही म्हणतो. किल्ल्याच्या पायथ्याशी मातीत लांब भेग पाडली आहे, तिच्यात ओळीने पुरणार आहे.

मला त्याने बजावले आहे, “आजोबा, या वेळी मध्ये बोलू नका.”

नाही बोलणार.